पत्ता सांगणाऱ्याचा गुन्हा

चित्रपटाची चोरटी प्रत इंटरनेटवर चढवणारा माणूस कायदा मोडतो, याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो त्याच्यानंतर येणाऱ्या माणसाबद्दल. त्याने प्रत काढली नाही, चढवली नाही, स्वतःच्या संगणकात साठवलीही नाही. ती कुठे पाहायला मिळेल याची लिंक तेवढी दुसऱ्याला दिली. मग त्याच्याकडून कॉपीराइटचा भंग झाला का? अमेरिकेपासून जपानपर्यंतच्या न्यायालयांनी या प्रश्नाला इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, की कुठल्याही बाजूच्या वकिलाला आपल्या सोयीचा निकाल सापडतो. पुढच्या संवादात जुन्या वादपद्धतीप्रमाणे पूर्वपक्षाला आधी बोलू दिलं आहे. हा पूर्वपक्ष एका चित्रपट निर्मात्याचा आहे. निर्माता कल्पित आहे. त्याची तक्रार मात्र या धंद्यात नेहमी ऐकू येणारी आहे. उत्तर माझं आहे.

निर्माता : तुम्ही लिंकला नुसता पत्ता म्हणता, तिथेच माझी हरकत आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी त्याची भाषा नीट वाचा. चित्रपट लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कलम १४ प्रमाणे फक्त मालकाचा. आणि लोकांपर्यंत पोहोचवणं म्हणजे काय, तेही कलम २ मध्ये सांगून ठेवलंय: लोकांना कलाकृती पाहता, ऐकता किंवा आणखी कशी अनुभवता येईल अशी उपलब्ध करून देणं. प्रत्यक्षात ती कुणी पाहिली की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर ज्याने त्याने आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या जागी बसून पाहणंही त्यात आलं. आता मला सांगा, चोरटी प्रत कुठल्याशा परदेशी सर्व्हरवर भलत्याच नावाने पडलेली असते. टेलिग्रामच्या एखाद्या चॅनलवर तिची लिंक येईपर्यंत तिला प्रेक्षकच नसतो. मग चित्रपट लोकांना उपलब्ध कुणी करून दिला, चढवणाऱ्याने की दाखवणाऱ्याने? २०१६ च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’च्या निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयात भांडून चित्रपट एका कटवर सोडवून आणला, आणि प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना सेन्सॉरचा शिक्का असलेली त्याची प्रत इंटरनेटवर फुटली. मराठी चित्रपटाचं गणित तर याहून नाजूक. शुक्रवार, शनिवार, रविवार प्रेक्षक आला नाही तर सोमवारी खेळ कमी होतात आणि पुढच्या आठवड्यात पडदाच जातो. आमचे ते तीन दिवस जे खातात, त्यांच्यात प्रत चढवणारा एक असतो आणि लिंक फिरवणारे शेकडो. चोराची शिडी धरून उभा राहणारा निर्दोष कसा?

लेखक : शिडी धरणारा निर्दोष आहे, असं मी म्हणणार नाही. पण शिडी धरणाऱ्यावर खटला भरताना त्याला ठाऊक होतं का, हा प्रश्न पहिला येतो. घरात शिरणाऱ्याच्या बाबतीत तो विचारावाच लागत नाही. माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे. अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे २०१२ मध्ये हाच प्रश्न आला होता. फ्लाव्हा वर्क्स ही प्रौढांसाठीचे व्हिडिओ बनवणारी कंपनी. तिचे व्हिडिओ पैसे भरलेल्या सभासदांनाच पाहता येत, आणि ते इतरत्र द्यायचे नाहीत ही अट सभासदांनी मान्य केलेली असे. काहींनी अट मोडून ते दुसऱ्या साइट्सवर चढवले. मायव्हिडस्टर नावाच्या साइटवर लोक आपल्याला आवडलेल्या व्हिडिओंच्या खुणा ठेवत. खूण ठेवली की पानावर व्हिडिओची लहान चौकट दिसे, आणि तिच्यावर क्लिक केलं की व्हिडिओ मूळ सर्व्हरवरून थेट पाहणाऱ्याच्या संगणकात येई. पाहणाऱ्याला वाटे, आपण मायव्हिडस्टरवरच पाहतो आहोत. खालच्या न्यायालयाने साइटविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांच्या निकालपत्राने तो रद्द झाला. त्यांनी प्रश्न एकेका माणसापाशी नेऊन सोडवला. प्रत काढली ती चढवणाऱ्याने. साइटने त्या प्रतीला हात लावला नाही. पाहणाऱ्यानेही प्रत काढली नाही. पैसे न भरता पाहणं म्हणजे दुकानातून पुस्तक चोरून वाचण्यासारखं वाईट, पण पुस्तक वाचणारा ते छापत नसतो. राहिला सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क. तिथे त्यांनी कुठल्या थिएटरात कोणतं नाटक लागलंय याची यादी छापणाऱ्या नियतकालिकाचा दाखला दिला. यादी छापणारा नाटक सादर करत नाही.

या निकालाचा एक भाग मात्र लिंकवाल्यांचे कैवारी सांगायला विसरतात. मायव्हिडस्टर पूर्वी पैसे घेऊन आपल्या ग्राहकांसाठी व्हिडिओंच्या प्रती साठवून ठेवत असे, आणि ते सरळ सरळ उल्लंघन ठरू शकतं हे न्यायालयाने नोंदवलं. शिवाय ही सेवा मूळ उल्लंघनाला खरोखर मोठा हातभार लावते असं फ्लाव्हाने पुराव्याने दाखवलं तर नवा मनाई हुकूम मिळू शकेल, हेही सांगितलं. म्हणजे लिंक नेहमीच निर्दोष असते असं पोस्नर म्हणालेच नाहीत. दुसऱ्याच्या उल्लंघनाला हिने किती बळ दिलं ते दाखवा, इतकंच त्यांचं मागणं होतं. तुम्ही उपलब्ध करून देण्याबद्दल विचारलंत, त्याला माझं उत्तर असं: चढवणाऱ्याने व्हिडिओ काढून टाकला की जगातल्या सगळ्या लिंक्स त्याच क्षणी मेल्या, लिंक देणाऱ्याने आपली लिंक पुसली तर व्हिडिओ जिथल्या तिथे राहतो. ज्याच्या हातात व्हिडिओ ठेवणं किंवा काढणं आहे, त्याने तो उपलब्ध करून दिला. दुसऱ्याने त्याला प्रेक्षक मिळवून दिला. हाही दोष असू शकतो, पण वेगळा.

निर्माता : हा वकिली कीस झाला. माझ्या गल्ल्यात पडलेली तूट कुठल्या दोषाने पडली, यावरून तिचा आकडा बदलत नाही. आणि तुमच्या पोस्नर यांच्या देशातच त्यांच्यासारखं सगळ्यांना वाटत नाही. पॉल निकलेन या छायाचित्रकाराने उपासमारीने झिजलेल्या ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला. सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने त्याच्याबद्दलच्या बातमीत तो व्हिडिओ एम्बेड केला, परवाना घेतला नाही. व्हिडिओ आमच्या सर्व्हरवर नाहीच, हा बचाव न्यूयॉर्कमधले न्यायाधीश जेड राकॉफ यांनी २०२१ मध्ये फेटाळला. त्याआधी २०१८ मध्ये टॉम ब्रेडी या फुटबॉलपटूच्या एका छायाचित्रावरून त्याच शहरातल्या न्यायालयाने तेच म्हटलं होतं. पानावर व्हिडिओ दिसतो, चालतो, त्याच्या शेजारी जाहिराती लागतात, जाहिरातीचे पैसे पानाच्या मालकाला मिळतात. मग व्हिडिओचे बाइट कुठल्या खोलीतल्या यंत्रातून आले, याला काय किंमत?

लेखक : इथे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी मला पटतं. सर्व्हर कुणाचा हे पाहून निकाल द्यायची पद्धत अमेरिकेत २००७ च्या परफेक्ट टेन विरुद्ध ॲमेझॉन या खटल्यातून रुजली, आणि नवव्या सर्किटने २०२३ मध्ये इन्स्टाग्रामच्या प्रकरणात ती पुन्हा उचलून धरली. तिची सोय कळते, कारण नियम साधा आणि तपासायला सोपा. पण तो तंत्राच्या रचनेवर उभा आहे, माणसाच्या वागण्यावर नाही. त्याच्या आधाराने चोरट्या प्रतींचा बाजार मांडणारा सुटतो; त्याच्या विरुद्ध टोकाचा नियम लावला तर बातमीखाली मूळ मालकाच्याच यूट्यूब चॅनलवरचा व्हिडिओ दाखवणारं गावचं छोटं वृत्तसंकेतस्थळ सापडतं. म्हणून एम्बेडच्या बाबतीत मला युरोपीय न्यायालयाने हळूहळू घडवलेली रेषा अधिक शहाणी वाटते. २०१४ च्या स्वेन्सन खटल्यात ‘योटेबोर्ग्स-पोस्टेन’ या स्वीडिश दैनिकातल्या पत्रकारांचे लेख होते. ते सगळ्यांसाठी खुले होते, म्हणून त्यांची लिंक देण्याने कुठल्याही नव्या प्रेक्षकापर्यंत ते पोहोचत नाहीत, असं न्यायालय म्हणालं. मालकाने दार सगळ्यांना उघडं ठेवलं असेल तर दाराकडे बोट दाखवणाऱ्याने काही हिरावून घेतलं नाही. २०२१ मध्ये बर्लिनच्या एका सांस्कृतिक संस्थेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू पक्की केली: मालकाने आपली कलाकृती इतरांच्या पानावर दिसू नये म्हणून तांत्रिक कुलूप लावलं असेल आणि ते चुकवून ती दाखवली, तर तो भंग आहे. यूट्यूबवर एम्बेड बंद करायची सोय मालकाला आहे. निकलेनसारख्या कलावंताची तक्रार मला न्याय्य वाटते, कारण समाजमाध्यमावर काम दाखवणं म्हणजे ते कुणीही, कसंही, कुठल्याही जाहिरातीशेजारी लावावं असा परवाना नव्हे. पण त्यावर उपाय एम्बेडचं कुलूप कलावंताच्या हाती असणं हा आहे. प्रत्येक एम्बेड म्हणजे उल्लंघन, हा नव्हे.

निर्माता : तुम्ही मालकाने स्वतः टाकलेल्या व्हिडिओबद्दल बोलताय. माझा प्रश्न चोरट्या प्रतीचा आहे. तिथे मालकाने कुठलंच दार उघडलेलं नाही. युरोपचं न्यायालय तुम्हाला एवढं प्रिय आहे, तर त्यानेच २०१६ मध्ये काय म्हटलं तेही सांगा.

लेखक : सांगतो, कारण हा विषय तिथेच खरा गुंततो. नेदरलँड्समधल्या एका साइटने ‘प्लेबॉय’साठी काढलेल्या आणि अजून अंकात न आलेल्या छायाचित्रांची लिंक दिली. ती छायाचित्रं एका फाइल साठवणाऱ्या परदेशी साइटवर बेकायदा पडलेली होती. मालकांनी लिंक काढायला सांगितलं. साइटने काढली नाही, आणि एक साठा बंद झाला की दुसऱ्याची लिंक दिली. जीएस मीडिया नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने माहिती हा मुद्दा मध्यभागी आणून ठेवला. साधा माणूस कमाईचा हेतू न ठेवता लिंक देतो, तेव्हा ते काम बेकायदा चढवलंय हे त्याला कळणं सहसा शक्य नसतं. पण त्याला ठाऊक होतं किंवा व्हायला हवं होतं, उदाहरणार्थ मालकाने कळवलं होतं, तर त्याची लिंक म्हणजे लोकांपर्यंत पोहोचवणं ठरतं. आणि लिंक कमाईसाठी दिली असेल तर माहिती होती असं गृहीत धरायचं. नव्हती हे लिंक देणाऱ्याने दाखवायचं. निकालाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा धोक्याचा वाटतो. कमाईसाठी म्हणजे काय? जगातलं जवळजवळ प्रत्येक वर्तमानपत्र जाहिरातींवर चालतं. जुन्या नाटकाचा प्रयोग यूट्यूबवर आहे अशी बातमी देणाऱ्या मराठी दैनिकाने आधी त्या चॅनलवाल्याकडे लेखकाच्या वारसांचा, दिग्दर्शकाचा, ध्वनिफीत कंपनीचा परवाना आहे का, हे शोधायचं? ते शोधणं भल्याभल्या वकिलालाही जमत नाही. अशा गृहीतकाने चोरट्यांच्या साइट्सचं काही बिघडत नाही, त्या कुणाला उत्तर देत नाहीत. जबाबदारीने काम करणारा पत्रकार मात्र लिंक द्यायचं सोडून देईल. वाचकाला मूळ पुराव्याकडे नेणारी वाट बंद होणं हे समाजाचं नुकसान आहे, आणि ते कुठल्याच गल्ल्याच्या हिशेबात दिसत नाही.

त्याच न्यायालयाचे पुढचे दोन निकाल मात्र मला बिनशर्त पटतात. २०१७ मध्ये एका डच विक्रेत्याचं प्रकरण आलं. तो टीव्हीला जोडायची पेटी विकत असे, आणि तिच्यात चोरट्या चित्रपटांच्या साइट्सकडे नेणाऱ्या सोयी आधीच बसवून ठेवत असे. फुकट पाहायला मिळेल हीच त्याची जाहिरात होती. त्यालाही पोस्नर यांच्यासारखं म्हणता आलं असतं की मी फक्त वाट दाखवली. न्यायालयाने ते ऐकलं नाही. याच निकालात, बेकायदा ठिकाणाहून पाहताना संगणकात तात्पुरती बनणारी प्रतही कायद्याच्या सवलतीत बसत नाही असं म्हटलं, म्हणजे पाहणारा निर्दोष हे पोस्नर यांचं म्हणणं युरोपात टिकलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पायरेट बे या साइटवरही तसाच निर्णय झाला. ऑस्ट्रेलियात तर २००५ मध्येच संगीताच्या फाइल्सच्या लिंक्स मांडणाऱ्या कूपर यांना न्यायालयाने दोषी धरलं होतं, आणि त्यांच्या साइटला जाहिरातीच्या बदल्यात फुकट जागा देणारी इंटरनेट कंपनीही सुटली नाही. या सगळ्या प्रकरणांत लिंक हा अपघात नव्हता, तोच धंदा होता. एका बाजूला माहीत असून चोरीचा माल दाखवायचा धंदा करणारा आणि दुसऱ्या बाजूला सहज लिंक देणारा. या दोघांना ओळखायला सर्व्हर तपासावा लागत नाही, वागणं तपासावं लागतं.

निर्माता : वागणं तपासा म्हणणं सोपं आहे. कोर्टात माहिती सिद्ध कोण करणार? प्रत्येक जण म्हणेल, मला वाटलं चित्रपट कंपनीनेच टाकला असेल. आणि आपण भारतात आहोत. डच पेट्यांची आणि स्वीडिश दैनिकांची गोष्ट मला इथल्या न्यायालयात काय कामाची?

लेखक : माहिती सिद्ध करणं तुम्ही म्हणता तितकं अवघड नाही. ‘उडता पंजाब’च्या प्रतीवर सेन्सॉरसाठी अशी खूण होती. अजून थिएटरातही न आलेला पूर्ण चित्रपट पाहा म्हणून लिंक देणाऱ्याला ती चोरीची आहे हे ठाऊक नव्हतं, यावर कुठलाही न्यायाधीश विश्वास ठेवणार नाही. पहिल्या आठवड्यातल्या चित्रपटाला हेच लागू आहे. लिंकसोबतचा मजकूर, त्याच चॅनलवर आधी आलेल्या लिंक्स, तक्रार आल्यावर नवी लिंक टाकणं, हे सगळे पुरावे आहेत. याउलट दूरदर्शनवरचा जुना कार्यक्रम किंवा एखाद्या नाटकाची जुनी व्हिडिओ कॅसेट कुणीतरी यूट्यूबवर टाकतं, आणि न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिची लिंक फिरते. तिथे पाठवणाऱ्याला मालकी कळायला काही वाव नसतो. लिंक देणं हाच भंग मानला तर या दोघांवर एकच डाग लागतो, कारण प्रत्यक्ष उल्लंघनात माहितीचा प्रश्न दुय्यम ठरतो. म्हणूनच हा फरक कीस नाही. काही न पाहता, न साठवता आजीला नाटकाची लिंक पाठवणारा नातू कायद्यापुढे कोण आहे, ते त्याच्यावर ठरतं.

आणि भारतीय कायद्याने हा फरक आधीच ओळखला आहे, आपल्याकडे तो फार वाचला जात नाही इतकंच. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये, भंग न ठरणाऱ्या कृत्यांच्या यादीत, इलेक्ट्रॉनिक लिंक पुरवण्यासाठी होणारी तात्पुरती किंवा आनुषंगिक साठवणूक घातली. अट दुहेरी आहे: मालकाने तसं करायला स्पष्ट मनाई केलेली नसावी, आणि जबाबदार माणसाला ती प्रत चोरीची असल्याची माहिती किंवा तसं मानायला वाजवी कारण नसावं. लिंकसाठी साठवणूक करणारासुद्धा अजाणता असेल तर सुटतो, मग काहीच न साठवता लिंक देणारा अजाण माणूस दोषी कसा ठरेल? आणि जाणता असेल तर साठवणूक करणाऱ्याची ढाल गळून पडते. लिंक देणाऱ्याला तिच्याहून मोठी ढाल मिळण्याचं कारण नाही. कलम ५१ मध्येही तेच सूत्र आहे: नफ्यासाठी आपली जागा उल्लंघनाला वापरू देणारा दोषी, पण त्याला माहीत नव्हतं आणि शंका यायला कारण नव्हतं तर नाही. मायस्पेसच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं की आपल्या साइटवर कुठेतरी चोरीचं काही असेल अशी सर्वसाधारण कल्पना पुरत नाही, नेमक्या कलाकृतींची प्रत्यक्ष माहिती लागते. आणि कलम ६३ तर जाणूनबुजून भंग करणाऱ्याबरोबर त्याला जाणूनबुजून अपप्रेरणा देणाऱ्यालाही शिक्षा सांगतं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. तुमच्या टेलिग्राम चॅनलवाल्यासाठी हा शब्द पुरेसा आहे. त्याला ओढूनताणून प्रसारक ठरवायची गरज नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. इतकं धारदार हत्यार हातात असताना लिंक म्हणजेच भंग अशी सैल व्याख्या मान्य केली, तर ग्रुपवर आलेलं पुढे ढकलणारी शाळकरी पोरंही तिच्या टप्प्यात येतील. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गुन्हा लावता येईल का, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. तो कॉपीराइटचा खटला नव्हता, तरी त्यातलं तत्त्व इथे उपयोगी आहे. समान हेतू किंवा आधी ठरवलेली योजना दिसत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तो दोषी नाही, असा निकाल मार्च २०२१ मध्ये झाला. माणूस मजकुराच्या वाटेवर उभा होता एवढ्यावरून त्याचा गुन्हा ठरत नाही. शेफील्डमधल्या रिचर्ड ओडवायर या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेलंही विसरू नका. त्याने चित्रपटांच्या आणि मालिकांच्या लिंक्सची साइट चालवली, एकही चित्रपट साठवला नाही. अमेरिकेने त्याचं प्रत्यार्पण मागितलं आणि २०१२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी ते मंजूरही केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड होऊन तो वाचला. त्याच्या साइटचा धंदा मला निर्दोष वाटत नाही. पण त्यासाठी विशीतल्या मुलाला समुद्रापलीकडच्या तुरुंगाची भीती दाखवणं मला न्याय वाटत नाही.

निर्माता : भीतीची गोष्ट तुम्ही त्यांच्या बाजूने केलीत, आता आमची ऐका. कलम ५२ आणि त्याखालच्या नियमांत तक्रारीची सोय आहे, तीही वाचली आहे मी. लेखी तक्रार द्यायची, ३६ तासांत त्याने लिंक थांबवायची, २१ दिवसांत आम्ही न्यायालयाचा आदेश आणायचा, नाही आणला तर त्याने पुन्हा सुरू केली तरी चालेल. ३६ तासांत शुक्रवार आणि शनिवार गेला. आणि एक लिंक थांबवेपर्यंत दहा नव्या येतात. तुमचा बारकाईचा न्याय आमच्या हाती पोहोचतो तेव्हा चित्रपट उतरलेला असतो.

लेखक : ही तक्रार खरी आहे आणि तिला मी उत्तर देऊन मोकळा होऊ इच्छित नाही. वेळ हा तुमच्या मालाचा प्राण आहे, आणि ३६ तासांचा नियम लिहिताना चित्रपटाचा पहिला शुक्रवार कुणाच्या डोळ्यापुढे नव्हता. पण यावरचा उपाय गुन्हेगाराची व्याख्या फुगवणं हा नाही, कारवाईचा वेग वाढवणं हा आहे, आणि ती दिशा दिसू लागली आहे. एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्हीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मुळात चोरीच्या मालासाठीच चालणाऱ्या साइट्स वेगळ्या ओळखायच्या कसोट्या दिल्या, आणि त्याच साइटने नाव बदलून नवा पत्ता घेतला तर नवा खटला न भरता तोही बंद करता येईल असा गतिमान मनाई हुकूम दिला. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चोरून चित्रीकरण आणि त्याचं प्रदर्शन यांना तीन महिने ते तीन वर्षं कारावास आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चोरट्या प्रतींच्या तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमले, तक्रारीवर ४८ तासांत कारवाई करायची म्हणून. ४८ तासही जास्त आहेत, हे मान्य. पण या प्रत्येक उपायाचा रोख साठ्यावर आणि धंद्यावर आहे. फॉरवर्ड करणाऱ्या गर्दीवर नाही. ते योग्यच आहे.

जपानने २०२० मध्ये जे केलं ते आपण अभ्यासायला हवं. चोरट्या मांगा (जपानी चित्रकथा), चित्रपट आणि गाण्यांच्या लिंक्स जमवून दाखवणाऱ्या साइट्सना तिथे जळू म्हणतात, दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्या म्हणून. त्या साइट्सवर लिंक देणं हे उल्लंघन मानावं, असा कायदा त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाला. पण तो लावायला देणाऱ्याला माहिती असावी लागते किंवा असायला हवी होती असं दिसावं लागतं, आणि साइट चालवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तर तिथे लिंक टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धंदा मांडणारा आणि त्यात माल टाकणारा हे दोघे वेगळे तोलले, आणि सर्वसाधारण लिंक देणारा बाहेर ठेवला. भारतात असं कलम नाही. असतं तर तुमच्या चॅनलवाल्याला पकडायला मायस्पेस, यूटीव्ही आणि कलम ६३ यांची मोट बांधावी लागली नसती, आणि मला नातवाची काळजी करावी लागली नसती.

निर्माता : म्हणजे शेवटी तुम्ही माझ्याच बाजूला आलात.

लेखक : तुमच्या चित्रपटाच्या बाजूला पहिल्यापासून होतो. लिंक देणं म्हणजेच भंग, या तुमच्या सूत्राच्या बाजूला अजूनही नाही. तुमच्या संघटनांनी सरकारकडे आणि संसदेकडे दोन गोष्टी मागाव्यात: थिएटरात चालू असलेल्या चित्रपटासाठी कलम ५२ खालच्या नियमांतली ३६ तासांची मुदत काही तासांवर आणणं, आणि चोरट्या लिंक्सचा धंदा करणाऱ्यांसाठी जपानसारखं वेगळं कलम. त्या मागणीवर मी सही करीन. आणि वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: या आठवड्यात लागलेल्या मराठी चित्रपटाची पूर्ण प्रत म्हणून एखादी लिंक तुमच्या फोनवर आली, तर ती चोरीची आहे हे तुम्हाला त्या क्षणी ठाऊक असतं. ती पुढे पाठवू नका, आणि त्या चित्रपटाचं तिकीट काढा.